भिंतीवरच्या रेघा

सातपूरच्या आमच्या घराचा भाडेपट्टा संपत आला होता. मिस्टरांना मुदत वाढवायची नव्हती. "ती भिंत बघवत नाही मला," म्हणायचे. शेवटी सरकारी कार्यालयात मुदतवाढीचा अर्ज मीच केला.

त्या भिंतीवर तेजलची, आमच्या मुलीची, उंची आहे. दर वाढदिवसाला मी पेन्सिलने रेघ मारायची. सातवा वाढदिवस झाला आणि तापाने ती गेली. मी रेघा मारायची थांबले, पण रेघा थांबल्या नाहीत. दर वाढदिवसाला सकाळी नवी रेघ दिसायची, आधीच्यापेक्षा जराशी वर. माझ्या खांद्याशी आली, मग कानाशी. अलीकडे तिथेच थांबली होती.

आज तिथून घराच्या पाहणीला साहेब आले. खोल्या मोजून झाल्यावर ते भिंतीपाशी उभे राहिले.

"मुलगी उंच आहे हो तुमची. सासरी असते?"

मिस्टरांनी भिंतीकडे पाठ केली.

"आणि नातवंडाचीही उंची घेताय वाटतं," म्हणत ते हसत खाली वाकले.

तेजलच्या रेघांशेजारी, काल रात्रीपर्यंत कोऱ्या असलेल्या जागी, गुडघ्याएवढ्या उंचीवर एक नवी रेघ होती.

मिस्टर खाली बसले. त्या रेघेवर त्यांनी हळूच हात ठेवला.

"साहेब," ते म्हणाले, "मुदत जास्तीत जास्त किती वाढवून मिळेल?"