हातभर फाटलेली जाळी

वाळकी फांदी पडून जाळी हातभर फाटली होती, आणि कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याने नेमका आजच दुधीचा रोगट वेल उपटून टाकला होता. वैजनाथच्या जिवाची तगमग झाली. वेलावरचा मावा, रोग वाहून नेणारा तो बारीक किडा, आता उपाशी होता, आणि त्याला पंख होते.

कात्रजच्या त्या रोपवाटिकेतील जाळीघरात बियाण्यासाठी राखलेले काकडीचे चारशे वेल उभे होते. एकाही पानावर मोझॅक रोगाचा पिवळा डाग नव्हता. चार वर्षे तेथील माळी वैजनाथने हे निर्मळपण डोळ्यांत तेल घालून जपले होते. येथे फवारणीचा उपयोग नाही, हे तो अनुभवाने जाणत होता. औषधाने मावा मरतो खरा. परंतु मरण्यापूर्वी क्षणभर पानाला सोंड टोचतो, आणि तेवढ्या क्षणात रोग देऊन जातो.

मावा पिवळ्या रंगाकडे धावतो, म्हणून त्याचे चिकट सापळे पिवळे असतात. ते संपले होते. जाळीघरात पिवळे वस्त्र वर्ज्य; म्हणूनच मुलाने दिलेला टीशर्ट त्याने वर्तमानपत्रात गुंडाळून बाहेर सायकलला अडकवला होता. दुपारी चार वाजता संतोषच्या संगणक कंपनीत कर्मचाऱ्यांच्या आईवडिलांचा मेळावा होता, आणि सर्वांनी कंपनीचा पिवळा टीशर्ट घालून यावयाचे होते.

वैजनाथ दोनदा सायकलपर्यंत गेला, दोनदा परत फिरला. तिसऱ्या वेळी त्याने टीशर्टला एरंडेल चोपडले, तो कुंपणाजवळ काठीवर टांगला, आणि जाळीघरात शिरून फाटलेली जाळी आतून शिवावयास घेतली.

साडेतीनला संतोष त्याला न्यावयास आला. त्याच्याही अंगात तसाच पिवळा टीशर्ट होता. काठीपाशी तो थबकला. टांगलेल्या टीशर्टवरील कंपनीचे नाव माव्याने झाकून गेले होते.

"बाबा, हा तुमचा?"

"हो रे. सापळे संपले होते." सुई थांबली नाही. "पिवळं दिसलं की लांबून लांबून येतात, बसतात, आणि मग उठता येत नाही."

"आमच्याकडेही तेच आहे."

वैजनाथने मान वर केली. मुलगा हसत नव्हता.

"रागावलास?"

"साहेबांना सांगून ठेवलंय मी, वडील शास्त्रज्ञ आहेत म्हणून." त्याने घड्याळ पाहिले. "अजून किती राहिलंय?"

"वीतभर."

"द्या, मी धरतो जाळी." संतोष दाराकडे वळला.

"आत नको!" वैजनाथ ओरडला. "अंगात काय आहे तुझ्या? तिथंच थांब. काठीपाशी."

संतोष मागे फिरला आणि कुंपणाकडे तोंड करून उन्हात उभा राहिला. त्याच्या खांद्यावर एक पंखांचा मावा येऊन बसला. मग दुसरा. झटकण्यासाठी त्याने हात उचलला, आणि तसाच खाली घेतला.

"बाबा," तो वळून न पाहता म्हणाला, "टाके जवळजवळ घाला."