सिद्ध न झालेला आकडा

अंडाशयाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या बायकांच्या रक्तात वृंदा एक प्रथिन मोजत होती. शरीराच्या पहारेकरी पेशींना थोपवून धरणारं हे प्रथिन वाढलं, की आजार परततो, असा तिला संशय होता. त्या सकाळी एका नमुन्यात ते चौपट निघालं. नमुन्यावर नाव नव्हतं, नुसता क्रमांक होता, पण रक्त तिनंच काढलं होतं. ते केवळबाईंचं होतं.

तिला एका जागी बसवेना. तिनं तो आकडा संशोधनातल्या तिच्या मार्गदर्शक सरांना नेऊन दाखवला.

"अजून काही सिद्ध झालेलं नाही," सर म्हणाले. "एका आकड्यावरून बाईला घाबरवू नकोस."

दुपारी केवळबाई निरोप घ्यायला आल्या. "लेकीच्या बाळंतपणाला सुरतेला चालले. पुढची तपासणी आता सहा महिन्यांनीच."

वृंदा खिडकीपर्यंत गेली, परत आली. "मावशी, तीन महिन्यांची तपासणी चुकवू नका."

"तुला काही दिसलंय का गं?"

"खात्रीनं सांगण्यासारखं नाही. पण तुमच्या जागी माझी आई असती, तर मी तिला जाऊ दिलं नसतं."

केवळबाईंनी लेकीला फोन लावला.

"बाळंतपणाला तूच ये गं माहेरी. एवढा प्रवास मला झेपायचा नाही."