हंबीररावांची डावी बाजू

चॅपेलच्या पायरीवर तानुबाईनं चपला काढल्या.

"आजी, हितं काढायला लागत न्हाईत," पहारेकरी म्हणाला.

"का? आत देव न्हाई व्हय?" असं विचारून ती अनवाणीच आत शिरली. वय पंच्याऐंशी, पण चाल अशी की मागून येणाऱ्या सुनेला धाप लागावी.

शालूबाईला धाप लागली होती खरी, पण ती चालण्यानं नव्हे. मिरजेच्या स्टँडवर उतरल्यापासून ती मुद्दामच मागं रेंगाळत होती. आत भिंतीवर तिच्या नवऱ्याचा, फौजेतल्या हवालदार हंबीररावांचा, दाराएवढा मोठा चेहरा लावला होता. त्यातला अर्धा चेहरा तिनं मनानंच सांगितलेला होता.

महापुरात भिजलेले फोटो माधवनगरच्या चित्रकार संयोगितानं नदीकाठच्या गावांतून गोळा केले होते. फोटो मोठा करायचा आणि पाण्यानं धुऊन नेलेल्या जागी पुरातल्याच घरांमधले फरशीचे, कपबश्यांचे बारीक तुकडे बसवून चेहरा पुरा करायचा, असं तिचं काम. असे सोळा चेहरे प्रदर्शनासाठी त्या जुन्या दगडी चॅपेलच्या, ख्रिस्ती प्रार्थनाघराच्या, भिंतींवर लागले होते. हंबीररावांची डावी बाजू पाण्यानं नेली होती.

"डावा डोळा कसा होता, काकू? कान? गाल?" संयोगितानं घरी येऊन विचारलं होतं.

शालूबाईला काही म्हणजे काही आठवेना. माणूस जाऊन चौदा वर्षं झालेली. होता तेव्हा वर्षाला दोन महिने सुट्टीवर यायचा, आणि सासूसासऱ्यांच्या देखत नवऱ्याकडं टक लावून बघायची सोय कुठली? फोटोला ती रोज हार घालायची, पण हार घालताना चेहरा कोण निरखून बघतं?

"उजवीसारखीच करा की," ती म्हणाली.

"कुणाचेच दोन्ही गाल सारखे नसतात, काकू," म्हणून संयोगिता पेन्सिल घेऊन बसूनच राहिली.

नवऱ्याचा चेहरा आठवत नाही, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? उंबऱ्यापाशी तानुबाई लसूण सोलत बसली होती, डावा गाल घराकडं करून. शालूबाईनं तिच्याकडं बघितलं आणि दिसेल ते सांगत सुटली. पापणी जरा झुकल्याली. कानाची पाळी लांब. व्हटाच्या कडंला दोन रेघा. संयोगिता लिहीत गेली.

म्हातारी बघायला येईल, हे तेव्हा तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. घरातल्या फोटोकडं तानुबाईनं चौदा वर्षांत एकदाही मान वर करून बघितलं नव्हतं. 'हार घातल्याला लेक मला बघायचा न्हाई,' म्हणायची. पण काल तिनं विचारलं, "मिरजेत लावलाय त्येला हार हाय का?" नाही म्हटल्यावर सकाळीच लुगडं बदलून तयार. आता जिनं त्याला जन्म दिला तिच्यापुढं हे सोंग कसं टिकायचं? शालूबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

तानुबाई एकेक चेहरा बघत पुढं सरकली. हंबीररावांपुढं येऊन थांबली.

"ह्यो कोन?" तिनं विचारलं.

शालूबाईचा धीर सुटला. "आत्याबाई, माझंच चुकलं. मला आठवंना, म्हणून म्या..."

"तुजं काय चुकलं त्यात? फोटूवाल्याचं चुकलंय." तानुबाईनं बोट दाखवलं ते फोटोच्या बाजूला. "ही बाजू हंबीरची न्हवंच. पार सायबासारखा ताठ करून ठेवलाय. ही बघ, ही खरी."

तिनं बशीच्या तुकड्यांवरून हात फिरवला. गालावरून, मग कानावरून. "अगदी असाच हुता गं. पापणी बघ, जरा झुकल्याली. कान बघ कसा हाय."

शालूबाईचा जीव भांड्यात पडला. ती जवळच्या बाकावर बसली. हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते. कालपासून घास गोड लागला नव्हता, आणि इथं म्हातारीनं एका वाक्यात मोकळं केलं.

संयोगिता जवळ आली होती. तिनं भिंतीकडं बघितलं, मग तानुबाईच्या तोंडाकडं जरा जास्तच वेळ बघितलं.

"तूच क्येलंस व्हय, पोरी? लय ब्येस क्येलंस," तानुबाई म्हणाली. "आता असं कर. ती फोटूची बाजू काढून टाक, आन तितंबी असंच तुकडं बशीव."

संयोगितानं शालूबाईकडं वळून विचारलं, "काकू, मग उजव्या बाजूचं पण सांगावं लागेल तुम्हाला. सांगाल?"

"सांगती की," शालूबाई म्हणाली. तिनं पदरानं डोळे पुसले, बाकावरून उठली आणि सासूच्या उजव्या अंगाला जाऊन उभी राहिली.