सोमवारचं मौन

सोमवारी सूर्य मावळेपर्यंत माझं मौन असतं. बोलायचं नाही, खूणही करायची नाही. त्याच दुपारी सोसायटीची बैठक होती. शेजारच्या भाऊंनी परसात पत्र्याची शेड उभारली होती. आजारी बायकोचा घरात जीव घुसमटायचा, म्हणून तिची खाट तिथे. “लगतच्या घराची संमती असेल तरच शेड राहील,” अध्यक्ष म्हणाले. भाऊ हसले. “वहिनींनीच तर जागा सुचवली! मौन असलं तरी मान हलवा, वहिनी.” सगळे माझ्याकडे वळले. मी नजर जमिनीवरून उचलली नाही. अध्यक्षांनी ‘संमती नाही’ लिहून टाकलं. मौन सुटताच मी अध्यक्षांच्या दारी धावले. “ठराव झाला, वहिनी. आता पुढच्या वर्षी बघू.” सकाळी पत्रे उतरले. खिडकीतून भाऊंच्या बायकोने हाक मारली, “ताई, आमच्यापायी तुमचं व्रत नाही ना मोडलं?” “नाही गं,” मी म्हणाले. तेवढंच शाबूत राहिलं.