'ने' म्हणजे काय?

पक्षाघातानंतर आईच्या तोंडात एकच शब्द उरला होता, "ने."

परदेशातल्या त्या शुश्रूषागृहातल्या दोन्ही नर्सनी तो आपापल्या परीने समजून घेतला. सकाळची नर्स चेक बोलणारी. तिच्या भाषेत 'ने' म्हणजे नाही, म्हणून ती सूपचा वाडगा मुकाट्याने उचलून न्यायची. दुपारची ग्रीक. तिच्याकडे 'ने' म्हणजे हो, म्हणून ती पोट भरलं तरी आणखी चार चमचे भरवायची.

रविवारी मुलगा भेटायला आला, तेव्हा पाळी बदलत होती आणि दोघींची चांगलीच जुंपली होती.

"अहो, तुमच्या आईंनी आमच्यात भांडण लावलंय," सकाळची हसत म्हणाली. "परवा विचारलं, आजी, घरी जायचंय का? तर म्हणाल्या, ने. आता मी म्हणते नको म्हणाल्या, ही म्हणते हो म्हणाल्या."

"तुम्हीच सांगा बरं, तुमच्या भाषेत 'ने' म्हणजे काय?" दुपारचीने पेन उघडलं. "एकदाचं तक्त्यावर लिहून टाकते."

आईने बऱ्या हाताने मुलाच्या कोटाची बाही धरली होती. "ने," ती त्याच्याकडे बघत म्हणाली. "ने."

त्याच्या डोळ्यांसमोर घर आलं. तीन मजले, लिफ्ट नाही, नवरा-बायको दोघंही कामावर, दिवसभर दाराला कुलूप.

 

"काही नाही," हलकेच बाही सोडवत तो म्हणाला, "आमच्या भाषेत त्याला काहीच अर्थ नाही."