तांड्यावरच्या हाका

दाराला कुलूप होतं, तरी म्हातारी दारासमोर उभी राहून आतल्या माणसाला रागावत होती. "भाऊसिंग, ऊन डोक्यावर आलं. ऊठ आता." मग ती जरा थांबली, आतून उत्तर आल्यासारखी मान हलवून पुढच्या दाराकडे वळली. तिथंही कुलूपच होतं. गंजू नये म्हणून त्याला चिंधी गुंडाळलेली होती.

वैजयंती सायकल धरून लिंबाखाली उभी होती. अकोल्याहून ती सकाळच्या एसटीनं शेलूबाजारला आली होती. तिची घडीची सायकल बसमध्ये पायाशी मावायची. स्टँडवर घडी उलगडायची, आतल्या रस्त्यांनी शिरपूर गाठायचं, जैन मंदिर पाहायचं आणि तिथून परतीची बस धरायची. पुढच्या रविवारी मैत्रिणींना आणायचं होतं, म्हणून आधी ती एकटीच रस्ता बघायला निघाली होती. रस्ता सुरेख होता. दोन्ही बाजूंना शेंगांवर आलेली तूर, पलीकडे सागाची टेकडी. टेकडी उतरल्यावर हा तांडा लागला आणि पाणी मागायला ती आत वळली.

कुत्रं भुंकलं नाही. कुठं धूर नव्हता. ओट्यांवर बाजा भिंतीला टेकवून उभ्या केलेल्या होत्या.

म्हातारी हाका मारत जवळ येत होती. सोमलाला तिनं बैल सावलीत बांधायला सांगितलं. गोठा रिकामा होता. एका बाईला पोर कायले रडवतेस म्हणून दटावलं. कोणी रडत नव्हतं. प्रत्येक हाकेनंतर ती थांबायची, आणि वैजयंतीही नकळत कान देऊ लागली. बंद दारांमागं कोणी श्वास रोखून उभं आहे असं तिला वाटलं. निघून जावं म्हणून तिनं पेडलवर पाय ठेवला, तेवढ्यात म्हातारीनं तिला पाहिलं.

ती जवळ आली आणि अगदी हळू बोलू लागली. तिचं नाव कमलीबाई. सारा तांडा दिवाळीनंतर ऊस तोडायला गेला होता, होळीला परतणार होता. नवीन नावाचा तिचा मुलगा गेला होता, त्याची मुलगी, तिची नात रेणूही गेली होती. मागे राहिले होते ती आणि तिचा नवरा हेमसिंग, तांड्याचा नाईक. त्याला दिसत नव्हतं, आणि पावसाळ्यात लकवा मारल्यापासून काही ध्यानातही राहत नव्हतं. माणसं घेऊन ट्रक गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यानं विचारलं, कोणाचाच आवाज काहून येत नाही. तेव्हापासून ती रोज दारोदार हाका मारत होती. सगळे घरीच आहेत असं त्याला वाटावं म्हणून.

वैजयंतीला हायसं वाटलं. पण कमलीबाईनं तिचा हात धरला. परवापासून म्हातारा जेवत नव्हता. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. हाकेला उत्तर कोणी देत नाही, हे त्यानं ओळखलं असावं, अशी तिला भीती होती.

"नातीवर त्याचा लय जीव हाये," ती म्हणाली. "हाक मी मारीन. तू भिंतीआडून नुस्ती ओ दे, 'हाव' म्हन, बाई."

वैजयंती शेजारच्या, रेणूच्या घराच्या भिंतीआड उभी राहिली. रेणूच्या नावानं हाक आली.

"हाव," ती म्हणाली.

नाईकाच्या घरात भांडं पडल्याचा आवाज झाला. कमलीबाईचा चेहरा उजळला.

चहा घेतल्याशिवाय ती सोडेना. आत खाटेवर हेमसिंग ताठ बसला होता. पाण्याचा गडवा खाली लवंडला होता. सायकलवरून जाणारी पाहुणी आहे, असं कमलीबाईनं त्याला सांगितलं. वैजयंती नमस्कार म्हणाली. तेवढ्या एका शब्दानं म्हाताऱ्यानं मान वर केली. बायको मागच्या चुलीकडे गेल्याची चाहूल घेऊन त्यानं तिला जवळ बोलावलं.

"तूच होती," तो म्हणाला.

तो रागावला नव्हता. आधी आपण सारं विसरायचो हे खरं, असं त्यानं सांगितलं. आता ध्यानात राहत होतं. तांडा रिकामा आहे हे त्याला कधीचंच ठाऊक होतं. पण हाका मारण्यात तिचा जीव रमतो, म्हणून तो गप्प राहिला होता. एवढं बोलून त्यानं चुलीकडे कान दिला. चुलीवरची भांडी वाजत होती.

"परवा हे पाण्याले गेली तवा नवीनचा फोन आला. ट्रॉली उलटली. रेणू गेली माही."

वैजयंतीला मघाचं आपलं 'हाव' नकोसं झालं. तिनं हळूच विचारलं, बाईंना का नाही सांगितलं.

"सांगतलं तर उद्यापासून रेणूचं दार सोडून हाका माराव्या लागतीन तिले," तो म्हणाला.

कमलीबाई चहा घेऊन आली. एक कप तिनं नवऱ्याच्या हातात नीट धरवून दिला आणि मोठ्यानं म्हणाली की आज तर रेणूचा आवाज आला, आता तरी दोन घास खा. म्हाताऱ्यानं मान हलवली. भाकर दे, म्हणाला.

कमलीबाईनं त्याच्या डोक्यावरून वैजयंतीकडे पाहिलं, हसली, आणि त्याला काही कळू देऊ नको म्हणून ओठांवर बोट ठेवलं.