लिंबोळीचं तेल

खोकणाऱ्या बाळाच्या ओठांशी सासूबाईंनी नेलेला चमचा हेमांगीने वरच्या वर धरला. लिंबोळीचं तेल तिच्या मनगटावर सांडलं.

“अगं, कफ मोकळा होतो त्याने,” सासूबाई चिडल्या.

“उवांवर लावा, आई. पण तान्ह्याच्या पोटात गेलं तर झटके येतात, जीवही जातो. मी थेंबभरही पाजू देणार नाही.” चमचा तिने सोडला नाही.

सासूबाई खाली बसल्या. “माझ्या थोरलीला पाजलं होतं. झटके येऊनच गेली ती. दृष्ट लागली म्हणाले सगळे, मीही तेच मानलं.”

हेमांगीने त्यांचा हात धरला. सासूबाई डोळे पुसून उठल्या आणि बाळाला दुपट्यात गुंडाळू लागल्या.

“चल दवाखान्यात. पण आधी शेजारी थांबू. तिथल्या बाळंतिणीला सकाळीच अर्धी बाटली दिलीय मी.”